शेवटचे दोन किलोमीटर : मालवणच्या वाटेवर एसयूव्ही की हायब्रिड?

मुंबई-ठाण्यात स्थिरावलेला मालवणी माणूस नवी गाडी घ्यायला निघाला की त्याच्या मनात दोन रस्ते असतात. एक रोजचा, कार्यालयापर्यंतचा आणि कोंडीने भरलेला. दुसरा गणपतीत आणि मे महिन्यात गावच्या घराच्या खळ्यापर्यंत जाणारा. पहिला रस्ता कमी पेट्रोल पिणारी गाडी मागतो, तर दुसरा उंच आणि दणकट. म्हणूनच पेट्रोलवरील एसयूव्ही आणि हायब्रिड सेडान यांतली निवड अनेक घरांत वादाचा विषय ठरते. या वादात दोन वेगळे प्रश्न एकात मिसळलेले असतात. गाडी किती उंच असावी हा एक आणि ती कशावर चालावी हा दुसरा. ते सुटे केले की उत्तर सोपे होते.

हायब्रिड गाडीत पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विद्युत मोटार आणि लहान बॅटरी असते. ही बॅटरी घरी चार्ज करावी लागत नाही. ब्रेक लावताना एरवी उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी ऊर्जा मोटार परत गोळा करते आणि इंजिनही गरजेप्रमाणे बॅटरी भरते. संथ वाहतुकीत इंजिन बंद राहते व मोटार गाडी ओढते. टोयोटाची ‘प्रियस’ 1997 मध्ये जपानमध्ये आली. भारतात होंडाने 2008 मध्ये ‘सिव्हिक हायब्रिड’ आणली, पण ती आयात गाडी मध्यमवर्गाच्या खिशाबाहेर होती. मे 2022 मध्ये ‘सिटी ई:एचईव्ही’ दाखल झाली, तेव्हा कुठे हायब्रिड सेडान या वर्गाच्या विचारात आली. तिचे त्या वेळचे प्रमाणित मायलेज लिटरला 26.5 किलोमीटर होते. प्रत्यक्ष रस्त्यावर हा आकडा कमी भरतो, हे कोणत्याही गाडीबाबत गृहीत धरावे.

हिशोबासाठी एसयूव्ही लिटरला 12 आणि हायब्रिड 20 किलोमीटर जाते, तर पेट्रोल 100 रुपये लिटर आहे असे धरू. वर्षाला 10 हजार किलोमीटर धावणाऱ्या कुटुंबाचे सुमारे 333 लिटर, म्हणजे 33 हजार रुपये वाचतात. हायब्रिडसाठी तीन लाख जास्त मोजले असतील, तर ते वसूल व्हायला नऊ वर्षे लागतात. वर्षाला 25 हजार किलोमीटर धावणाऱ्याचे तेच पैसे चार वर्षांच्या आत परत येतात. मालवण मुंबईपासून सुमारे 500 किलोमीटरवर आहे. वर्षातून दोनदा गावी जाणे म्हणजे दोन हजार किलोमीटर झाले. वर्षाच्या 10 हजारांतले उरलेले आठ हजार शहरातच संपतात आणि हायब्रिडचा खरा फायदा तिथेच असतो.

करामुळे मिळणारा आधारही आता उरलेला नाही. 22 सप्टेंबर 2025 पूर्वी हायब्रिडवर उपकरासह 43 टक्के, तर मोठ्या एसयूव्हीवर 50 टक्के कर पडत होता. त्या दिवशी जीएसटीचे दर बदलले आणि चार मीटरपेक्षा लांब असलेल्या दोन्ही प्रकारच्या गाड्या 40 टक्क्यांच्या एकाच टप्प्यात आल्या. तेव्हा हायब्रिड स्वस्त पडते की नाही, हे केवळ धावलेल्या किलोमीटरवरूनच ठरवावे.

गावच्या वाटेवर हायब्रिड कशी वागते, हेही पाहायला हवे. 2011 मध्ये सुरू झालेले पळस्पे ते इंदापूर टप्प्याचे काम वर्षानुवर्षे रखडले आणि गणपतीतल्या कोंडीचा अनुभव प्रत्येक चाकरमान्याच्या गाठीला आला. अशा कोंडीत हायब्रिडचे इंजिन बराच वेळ बंद राहते आणि वातानुकूलन मात्र सुरू असते. मोकळ्या महामार्गावर एका वेगाने धावताना ब्रेक क्वचित लागतो, त्यामुळे तिथे फायदा घटतो.

घाटाची गोष्ट निराळी आहे. माणसे आणि सामानासह दीड टन भरणारी गाडी आंबोलीसारख्या घाटात 500 मीटर खाली उतरते, तेव्हा सुमारे दोन युनिट विजेएवढी ऊर्जा मोकळी होते. हायब्रिडची बॅटरी साधारण एक युनिटची किंवा त्याहूनही लहान असते. ती उताराच्या मध्येच भरते आणि पुढची ऊर्जा साठवायला जागा राहत नाही. त्यानंतर इंजिनाच्या अवरोधावर गाडी उतरवावी लागते. त्यासाठी काही गाड्यांत ‘बी’ ही स्थिती, तर काहींत स्टिअरिंगमागे पाती दिलेली असतात. त्यांचा वापर खरेदीच्या वेळीच समजून घ्यावा. केवळ ब्रेकवर विसंबून घाट उतरणे कोणत्याही गाडीला घातकच.

खरी परीक्षा महामार्ग सोडल्यावर होते. कसालहून मालवणपर्यंत डांबरी रस्ता आहे, पण वाडीकडे वळल्यावर जांभ्याची चढण, पावसाने धुपलेली वाट आणि मध्येच आडवा येणारा व्हाळ यांच्याशी गाठ पडते. रिकाम्या सिटीची जमिनीपासूनची उंची 165 मिलिमीटर, तर क्रेटासारख्या एसयूव्हीची 190 मिलिमीटर आहे. पाच माणसे आणि सामान भरल्यावर दोन्ही खाली बसतात आणि सेडानचे पोट दगडाला घासू लागते. बॅटरीमुळे सिटी हायब्रिडच्या डिकीत 306 लिटर जागा उरते. साध्या पेट्रोल सिटीत ती 506 लिटर आहे. परतीच्या प्रवासात नारळ, तांदूळ आणि आंब्याच्या पेट्या आणणाऱ्या कुटुंबाला हा फरक जाणवतो.

एसयूव्हीबद्दलही एक गैरसमज आहे. बहुतेक पेट्रोल एसयूव्हींत फक्त पुढची चाके गाडी ओढतात. तारकर्लीच्या पुळणीत त्या सेडानइतक्याच सहज रुततात. उंची खड्डे ओलांडायला उपयोगी पडते, वाळूत तिचा काही उपयोग नाही. गाडी किनाऱ्यावर नेण्याचा मोह टाळलेलाच बरा.

गाडी महिनोन्महिने गावीच उभी राहणार असेल, तर आणखी काही गोष्टी पाहाव्यात. खाऱ्या हवेने तळाचा पत्रा गंजतो आणि उंदीर तारा कुरतडतात. हायब्रिडमधली साधी 12 व्होल्टची बॅटरी उतरली, तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. कणकवली, कुडाळ किंवा सावंतवाडीत हायब्रिडचे काम जाणणारे अधिकृत सेवा केंद्र आहे का, याचीही आधी चौकशी करावी.

म्हणून निर्णयाचा क्रम असा असावा. आधी घरापर्यंतचे शेवटचे दोन किलोमीटर पाहावेत, शक्यतो पावसाळ्यात. गाडी तिथे घासत नसेल आणि वर्षाचे किलोमीटर भरपूर असतील, तर हायब्रिड सेडान उत्तम. वाट खडतर आणि गाडी फारशी धावणारी नसेल, तर पेट्रोल एसयूव्हीवर जास्तीचे पेट्रोल जाळूनही तोटा होत नाही. वाट खडतर आणि धावही मोठी असेल, तर 2022 मध्ये आलेल्या ग्रँड विटारा, हायरायडर यांसारख्या हायब्रिड एसयूव्हींनी तिसरा पर्याय दिला आहे. पहिला प्रकार ज्यांच्या वाट्याला येतो, त्यांनी गाडी वाडीच्या तोंडाशी उभी करून दोन पावले चालायची तयारी ठेवली, तरी पुष्कळ पैसे वाचतात. चार दिवसांच्या वाटेसाठी वर्षभराचे पेट्रोल जाळायचे का, हे शेवटी प्रत्येक घराने स्वतःच ठरवायचे आहे.