साठीत क्लॅरिनेट हातात घेताना

शाळेत वाजवलेलं वाद्य एकदा माळ्यावर गेलं की गेलं, असं आपण धरून चालतो. शिकायचं वय लहानपणीचंच, हा त्यामागचा समज. १९९१ साली अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात, ईस्टमन संगीत विद्यालयाचे प्राध्यापक रॉय अर्न्स्ट यांनी हा समज बाजूला ठेवून उतारवयातल्या लोकांसाठी ‘न्यू होरायझन्स’ बँड काढला. शाळेनंतर वाद्य सुटलेले आणि आयुष्यात कधीच वाद्य न धरलेले, दोघांनाही त्यात जागा होती. पुढे त्याच धर्तीवर अमेरिकेत आणि कॅनडात असे अनेक बँड उभे राहिले.

‘आधी घरी नीट शिकतो, मग बँडमध्ये येतो,’ असं म्हणणारे बहुतेक येतच नाहीत. खरं तर बँडचं संगीत लिहितानाच कच्च्या वादकाचा विचार केलेला असतो. क्लॅरिनेटवाल्यांचे सहसा पहिला, दुसरा, तिसरा असे गट असतात. क्लॅरिनेटवर खालच्या सुरांतून वर जाताना एक अवघड उंबरठा लागतो: एका सुराला जवळजवळ सगळी छिद्रं मोकळी, तर लगेच पुढच्या सुराला जवळजवळ सगळी झाकलेली. नवख्याची बोटं तिथेच अडखळतात. सोप्या रचनांमध्ये तिसऱ्या गटाला बहुतेक वेळ या उंबरठ्याच्या अलीकडेच ठेवतात. म्हणून त्यांचं काम दुय्यम ठरत नाही. ते खालचे लांब सूर थांबले तर वरची चाल उघडी पडते. शिवाय घरी चुकलं की आपण थांबतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. बँड कुणासाठी थांबत नाही. हुकलेली मात्रा सोडून पुढच्या ओळीत शिरायचं हे चार माणसांत बसूनच अंगवळणी पडतं, आणि माझ्या मते वाजवण्यातलं निम्मं कौशल्य तेच आहे.

फुंकायला छातीत फार दम लागतो, हेही अर्धंच खरं. ट्यूबाला भरपूर हवा लागते. ओबोला इतकी कमी लागते की वादकाला आधी छातीत साठलेली हवा बाहेर सोडावी लागते आणि मगच नवा श्वास घेता येतो. बऱ्याच वर्षांनी परतलेल्या माणसाचे ओठ मात्र आधी थकतात. बोटांना जुनं आठवत असतं, ओठांचे स्नायू सैल पडलेले असतात. त्यामुळे सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं वाजवून थांबावं. काचबिंदू असेल तर ट्रम्पेट किंवा ओबो निवडण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना जरूर विचारा, कारण जोर लावून फुंकताना डोळ्यातला दाब वाढतो.

वाद्य शिकलं की विस्मरणाचा आजार टळतो, असंही छातीठोकपणे सांगितलं जातं. तसं सिद्ध झालेलं नाही. बँडमध्ये जावं ते वाजवण्याच्या ओढीने.

माळ्यावरची पेटी उघडल्यावर होणाऱ्या एका गैरसमजाचं मला फार वाईट वाटतं. रीड तोंडात धरून ओली केली, फुंकलं, आणि नुसती हवाच सुसू करत गेली, की माणूस म्हणतो, ‘आपण विसरलो सगळं.’ तसं नसतं. पडून राहिलेल्या क्लॅरिनेटचे पॅड वाळून कडक होतात, छिद्रांवर घट्ट बसत नाहीत आणि हवा फटीतून निसटते. सांध्यांवरचा कॉर्कही आक्रसतो. अशा क्लॅरिनेटमधून मुरलेल्या वादकालाही धड सूर काढता येत नाही. आधी ते दुरुस्ती करणाऱ्याकडे द्या आणि नवी रीड आणा.