उणे चाळीस आणि उणे तीन

माझी पुतणी कॅनडात, सास्काटून शहरात राहते. तिथे हिवाळ्यात पारा उणे 40 अंश सेल्सियसपर्यंत उतरू शकतो. तिच्या परसातलं सास्काटून बेरीचं झुडूप सगळा हिवाळा बर्फात उभं राहिलं, मे महिन्यात पांढऱ्या फुलांनी लगडलं आणि एका रात्रीत सगळा बहर काळवंडला. त्या रात्री तापमान होतं जेमतेम उणे 3. “काका, उणे चाळीस सोसणारं झाड उणे तीनला कसं हरलं?” असं तिने विचारलं. रोपाच्या चिठ्ठीवर तर ‘कडाक्याच्या थंडीला काटक’ असं छापलेलं होतं.

वनस्पतिशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. वाचन आणि विचारपूस, एवढीच शिदोरी. त्यातून उमगलेली गोष्ट अशी: निजलेल्या फांदीची काटकता वेगळी आणि उमललेल्या फुलाची वेगळी. दिवस आखूड होऊ लागले की झुडूप हिवाळ्याच्या तयारीला लागतं. पेशींत साखर वाढते, पाणी पेशींबाहेरच्या पोकळीत झिरपतं. बर्फ तिथे होतो, म्हणून पेशी फाटत नाहीत. वसंतात कळी फुगली की हे संरक्षण उतरतं.

म्हणून रोप निवडताना तीन प्रश्न विचारावेत. ते जागं कधी होतं? फुलल्यावर किती सोसतं? फळ धरायला जोडीदार लागतो का?

सास्काटून बेरी ही कॅनडाच्या गवताळ प्रदेशातली मूळची रहिवासी. शहरालाच तिचं नाव मिळालं, तेही क्री लोकांच्या भाषेतून. गव्याचं वाळवलेलं मांस आणि चरबी यांत ही फळं मिसळून ते हिवाळ्याची बेगमी करत. तिला जोडीदार लागत नाही. मात्र उमललेलं फूल उणे 2-3 अंशांतच दगावतं. जवळ जुनिपर असेल, तर तांबेरा रोगही येतो.

हॅस्कॅप हे नाव जपानच्या होक्काइदो बेटावरच्या आइनू लोकांचं. दोन फुलांचं मिळून एक निळं, लांबट फळ धरतं. उघडं फूल उणे 7 अंशांपर्यंत तग धरतं, आणि त्या गारठ्यातही भुंगे परागीभवन करतात. फळं जूनअखेरीस, सास्काटूनच्या आधी पिकतात. पण नात्याबाहेरचा दुसरा वाण शेजारी हवाच. आणि रशियन वाण उबेची चाहूल लागताच जागे होतात; जिथे हिवाळा सौम्य, तिथे ते अवेळी फुलून फसतात.

ब्लॅककरंट एकटंही फळतं, पण पुरेशी थंडी मिळाल्याशिवाय नीट फुलत नाही, आणि फुललं की हलक्या दहिवरानेही बहर गमावतं. दुसऱ्या महायुद्धात संत्र्यांची आयात आटली, तेव्हा ब्रिटनमध्ये मुलांना क जीवनसत्त्वासाठी याचंच सरबत दिलं गेलं.

सी-बकथॉर्न आपल्या लडाखमध्येही रानोमाळ वाढतं. मुळांवरच्या गाठींतले सूक्ष्मजीव हवेतला नत्र धरतात, म्हणून रेताड, नापीक जमीनही त्याला चालते. परागीभवन वाऱ्याने होतं. भुंग्यांची गरज नाही. मात्र नर-मादी झुडपं वेगळी असतात. नर जवळ नसेल, तर मादीला फळ नाही. शिवाय काटे असे, की तोडणी करताना करवंदाची जाळी मवाळ वाटावी.

हॅस्कॅपचे ‘टुंड्रा’ आणि ‘बोरियालिस’ हे वाण सास्काचेवान विद्यापीठाने 2007 मध्ये आणले. त्यांच्या मुळाशी रशियातून आलेली रोपं होती. सेंट पीटर्सबर्गजवळच्या पाव्हलोव्स्क केंद्रात अशा झुडपांचा मोठा जिवंत संग्रह आहे. बी पेरून आईसारखंच झुडूप मिळत नाही, म्हणून वाण जपायचा तर झुडूपच जगवावं लागतं. 2010 मध्ये त्या जमिनीवर घरं बांधण्याचा घाट घातला गेला. जगभरातून निषेध झाला आणि बाग वाचली. ती उखडली गेली असती, तर मे महिन्यातल्या उणे तीनला उत्तर देणारे किती गुण कायमचे गेले असते, याचा हिशेब कुणी मांडायचा?

पुतणीला मी कळवलं: सास्काटून बेरी उपटू नकोस. दहिवराच्या रात्री तिच्यावर जुनी चादर टाक. शेजारी हॅस्कॅपचे दोन वेगळे वाण लाव. एका वर्षी एकाचा बहर गेला, तरी दुसऱ्याचं फळ घरात येईल.