यंत्रांची निगा

मन नदीच्या काठच्या बाळापुरात एखादा शेतकरी तापाने आजारी पडला, की घरचे लोक बाजारातून औषधाच्या गोळ्या आणतात. घरात गहू निवडून आणि पाणी गाळून घेण्याची रीत असते. गोळी मात्र कोणतीही पारख न करता गिळली जाते. कारण ती पारखण्याचे साधन रोग्याजवळ नसते. ही पारख दूरच्या कारखान्यातील माणसांनीच करावयाची असते, आणि तिचा मोठा भाग म्हणजे यंत्रांची निगा होय.

1954 साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व पुढे तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. हे औषध एका बुरशीपासून मिळते. ती बुरशी मोठ्या बंद टाक्यांत वाढवितात व तिला जंतुरहित हवा पुरवितात. टाकीची झडप सैल झाली किंवा जोडावरील रबरी चकती झिजली, तर परके जंतू आत शिरतात. त्यांपैकी काही जंतू पेनिसिलीनचाच नाश करतात आणि टाकीभर माल वाया जातो. म्हणून यंत्र बंद पडण्याची वाट न पाहता ते ठरल्या दिवशी तपासावे, झिजलेला भाग बदलावा आणि केलेल्या कामाची नोंद वहीत करावी, असा औषधांच्या कारखान्यांचा नियम असतो. दुरुस्त केलेले यंत्रही स्वच्छ करून व चाचणी घेऊन मगच कामास लावतात. वजनाचे काटे आणि तापमापक यांचीही अशीच तपासणी होते.

या तपासणीचे मोल इंग्लंडमधील एका दुर्घटनेने जगास कळले. 1971 साली तेथील एका कारखान्यात शिरेतून देण्याच्या द्रावणाच्या बाटल्या वाफेच्या बंद पेटीत तापवून निर्जंतुक केल्या जात होत्या. पेटीच्या तळाशी हवा कोंडून राहिली, त्यामुळे खालच्या बाटल्या पुरेशा तापल्या नाहीत. एका तापमापकाने ते दाखविलेही. परंतु तो बिघडला असावा, असे समजून कामगारांनी इतर उपकरणांवर भरवसा ठेवला. 1972 साली त्या बाटल्या प्लिमथच्या रुग्णालयात वापरल्या गेल्या आणि पाच रुग्णांच्या मृत्यूशी त्यांचा संबंध जोडला गेला.

तापमापक बिघडला असेल, तर तो दुरुस्त करावा. बिघडला नसेल, तर त्याचे ऐकावे. एवढे साधे कर्तव्य तेथे राहून गेले. यंत्रांची निगा राखणाऱ्याचे काम कोणाच्या नजरेस पडत नाही व त्याचे नावही कोणास ठाऊक नसते. तरीही ज्याला तो कधी पाहणार नाही, अशा रोग्याचे प्राण त्याच्या दक्षतेवर अवलंबून असतात.