भाड्याचें घर आणि नगरपरिषदेची नोटीस

संसारांतून चार पैसे शिल्लक पडले म्हणजे एखादें जुनें घर घेऊन तें भाड्यानें द्यावें, असा विचार पुष्कळ कुटुंबांत होतो. अजिंठ्याच्या वाटेवरील सिल्लोडसारख्या तालुक्याच्या गांवींही असा बेत करणारे गृहस्थ असतात. ते मालकीचे कागद पाहतात, पाणी पाहतात, शेजार पाहतात. परंतु नगरपरिषदेच्या एखाद्या हुकुमाचा अंमल त्या घरावर व्हावयाचा राहिला आहे काय, हें मात्र विचारावयाचें राहून जातें.

विनापरवाना मजला काढून टाका, धोक्याची भिंत उतरवा, अशी नोटीस मागील मालकाच्या नांवें निघालेली असली तरी तिचा संबंध घराशीं असतो. खरेदीखत नोंदल्यानें मालक बदलतो. बांधकामाचा दोष जात नाहीं.

मुंबईस वरळी येथील कॅम्पा कोला वसाहतीचें उदाहरण डोळ्यांत अंजन घालणारें आहे. परवानगी पांच मजल्यांची असतां तेथील एक इमारत वीस मजल्यांपर्यंत चढली. काम थांबविण्याची नोटीस १९८४ सालींच निघाली होती. २७ फेब्रुवारी २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयाचा निकाल रहिवाशांच्या विरुद्ध गेला. बांधणारावर दावा करण्याची वाट तेवढी त्यांस मोकळी राहिली. पुढें २०१४ सालीं वरच्या मजल्यांचें वीज-पाणी तोडण्यांत आलें.

१८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानें घराचा गुप्त दोष सांगणें विकणारावर बंधनकारक आहे. पण जो दोष साधारण सावधपणानें घेणारास कळला असता, त्याविषयीं ही ढाल उपयोगी पडत नाहीं. म्हणून बयाणा देण्यापूर्वींच मंजूर नकाशा, बांधकामाची परवानगी, भोगवट्याचा दाखला आणि नोटिसा यांच्या नकला नगरपरिषदेकडे मागाव्यात. २००५ सालच्या माहितीच्या अधिकारान्वयें १० रुपये भरून अर्ज केल्यास सामान्यतः ३० दिवसांत उत्तर मिळावयास हवें.

नोटीस आहे म्हणून घर सोडूनच द्यावें असें नाहीं. जाणत्या इंजिनियराकडून नकाशा व घर ताडून पाहावें. कांहीं बांधकाम शुल्क भरून नियमित करतां येतें. रस्त्याच्या आंखणींत आलेलें बहुधा पाडावेंच लागतें. हा हिशेब कळल्यावर दोनच मार्ग सरळ आहेत. विकणारानें हुकुमाची पूर्तता करून नगरपरिषदेचें लेखी पत्र आणावें, मगच खरेदी व्हावी. अथवा तो खर्च किंमतींतून वजा करून, काम कोणी व किती दिवसांत करावयाचें हें करारांत स्पष्ट लिहावें. 'पाहूं पुढें' हें उत्तर येथें चालूं देऊं नये.

आमच्या मतें हा केवळ पैशाचा प्रश्न नाहीं. ज्या भिंतीखालीं दुसऱ्यांचीं मुलें निजणार, तिच्याविषयींचा इशारा दप्तरांत पडून असतां तिचें भाडें घेणें गृहस्थास शोभत नाहीं.