यंत्राची वाणी आणि वाणीचा घटक : १९८२ मधील दोन जोडयंत्रे

वाणीचा मूळ घटक कोणता, हा प्रश्न भाषाविचाराइतकाच जुना आहे. अखंड वाक्य हेच सत्य असून पदे आणि वर्ण हे केवळ विश्लेषणाच्या सोयीसाठी कल्पिलेले भेद होत, अशी भूमिका भर्तृहरीने घेतली. उलटपक्षी, विसाव्या शतकातील वर्णनात्मक भाषाविज्ञानाने स्वनिमाला आपल्या मांडणीत पायाचे स्थान दिले. या दोन भूमिकांचा विचार बहुधा विश्लेषणाच्या अंगानेच केला जातो. परंतु विश्लेषणाची खरी कसोटी संश्लेषणात असते. वाणीचे तुकडे करून जे घटक हाती येतात, ते पुन्हा एकापुढे एक मांडले असता वाणी परत मिळते काय? ही कसोटी ध्वनिशास्त्राच्या प्रयोगशाळांत अनेकदा लावली गेली आहे. १९८२ मध्ये मात्र ती अमेरिकेत एका अनपेक्षित ठिकाणी, घरगुती खेळयंत्रांच्या जोडयंत्रांत, लावली गेली. त्या प्रयत्नाचे स्वरूप आणि त्यातून निघणारा भाषावैज्ञानिक अर्थ स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. कन्सोल आणि जोडयंत्र

दूरचित्रवाणी संचाला जोडून घरी खेळावयाचे यंत्र, म्हणजेच कन्सोल, प्रथम १९७२ मध्ये मॅग्नाव्हॉक्स कंपनीच्या ‘ओडिसी’च्या रूपाने बाजारात आले. पुढच्या पिढीतील कन्सोलांत प्रत्येक खेळाचा प्रोग्राम कार्ट्रिज नावाच्या लहानशा डबीत साठविलेला असे व ती डबी यंत्राच्या खाचेत बसवावी लागे. खेळ बदलता येई, यंत्र मात्र जसे विकत घेतले तसेच राही. त्याच्या शक्तीत नवी भर घालावयाची तर बाहेरून काही जोडणे हा एकच मार्ग होता, आणि त्यातूनच जोडयंत्रांचा जन्म झाला. पहिल्या ओडिसीसाठीच नेमबाजीची बंदूक निराळी विकत मिळे. १९८२ मध्ये ‘अटारी २६००’साठी स्टारपाथ कंपनीने ‘सुपरचार्जर’ काढला. त्यामुळे साध्या ध्वनिफितीवरून खेळ भरून घेता येत व यंत्राची स्मृतीही वाढे. त्याच वर्षी कोलेको कंपनीने आपल्या कन्सोलवर अटारीची कार्ट्रिजे चालविणारे जोडयंत्र विक्रीस आणले.

या सर्व उपकरणांत भाषाभ्यासकाचे लक्ष वेधून घेणारी दोन आहेत. मॅटेल कंपनीने आपल्या ‘इंटेलिव्हिजन’ या कन्सोलसाठी काढलेले ‘इंटेलिव्हॉइस’ हे एक, आणि मॅग्नाव्हॉक्सने ‘ओडिसी २’साठी काढलेले ‘द व्हॉइस’ हे दुसरे. दोन्ही १९८२ मधली. दोन्ही कन्सोलच्या कार्ट्रिजच्या खाचेत बसत आणि खेळाचे कार्ट्रिज त्यांच्या खाचेत बसे. दोहोंच्या पोटात जनरल इन्स्ट्रुमेंट कंपनीची ‘एस. पी. ०२५६’ या मालिकेतील चिप होती. त्यांचे कार्य एकच : यंत्राला वाचा देणे.

२. चिपमधील वाग्यंत्र

आवाज जसाच्या तसा साठविला असता काय होते, हे प्रथम पाहिले पाहिजे. दर सेकंदाला १०,००० नमुने व प्रत्येक नमुन्यास ८ बिट असा हिशेब धरल्यास एका सेकंदाच्या बोलण्यास ८०,००० बिट लागतात. उपरोक्त चिपमधील कायम स्मृती २ किलोबाइटची, म्हणजे १६,३८४ बिटांची. तीत या रीतीने सेकंदाचा जेमतेम पाचवा हिस्सा मावेल. एक शब्दही पुरा होणार नाही.

म्हणून आवाज न साठविता आवाज उत्पन्न करणाऱ्या अवयवांची स्थिती साठविण्याची युक्ती योजली गेली. तिचा सैद्धांतिक पाया ध्वनिशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे. गुन्नार फांट यांच्या १९६० मधील ग्रंथात तो विस्ताराने मांडला आहे : उच्चार म्हणजे एक उगम आणि एक फिल्टर. घोष ध्वनींत स्वरतंतूंच्या नियमित कंपनांतून, तर अघोष ध्वनींत हवेच्या घर्षणातून मूळ नाद निघतो; घसा व मुख यांची पोकळी आपल्या आकारानुसार त्यातील काही वारंवारता उठावदार करते. ध्वनीच्या मागील नमुन्यांवरून पुढील नमुन्याचा अंदाज बांधून या पोकळीचे गुणांक काढण्याची पद्धत १९६० नंतरच्या दशकात विकसित झाली. जपानमध्ये इताकुरा व साइतो यांनी, आणि अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत भारतात जन्मलेले बिष्णू अटल व मानफ्रेड श्रोडर यांनी या दिशेने पायाभूत कार्य केले. १९७८ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीने ‘स्पीक अँड स्पेल’ या शब्दलेखन शिकविणाऱ्या खेळण्यात हीच पद्धत वापरली होती.

‘एस. पी. ०२५६’ हे या सिद्धांताचे छोटेखानी मूर्त रूप होते. नियमित स्पंदांची मालिका किंवा अनियमित खळखळ, यांपैकी एक उगम आणि त्यापुढे एकामागोमाग एक जोडलेले सहा फिल्टर, अशी तिची रचना होती. स्वराची उंची, आवाजाचा जोर आणि फिल्टरांचे गुणांक एवढीच माहिती तिला वेळोवेळी पुरवावी लागे. सेकंदाला सुमारे २,००० बिट खर्च केले, तर पूर्वोक्त २ किलोबाइटमध्ये आठ सेकंदांचे बोलणे मावते. सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यापासून आठ सेकंदांपर्यंतची ही झेप ध्वनिशास्त्रीय सिद्धांताची देणगी होय.

आता खरा प्रश्न उरतो. हे आठ सेकंद कशासाठी खर्च करावयाचे? वाक्यांसाठी, शब्दांसाठी, की ध्वनींसाठी?

३. शब्द साठविण्याची रीत

मॅटेलने शब्द आणि शब्दसमूह साठविले. चिपच्या कायम स्मृतीत संख्यावाचक शब्द, काही सामान्य शब्द आणि कंपनीच्या नावाची घोषणा एवढेच होते. प्रत्येक खेळाचे स्वतःचे बोलणे त्याच्या कार्ट्रिजमध्ये साठविलेले असे व खेळ चालू असता थोडेथोडे करून चिपकडे पाठविले जाई. ‘स्पेस स्पार्टन्स’, ‘बी-१७ बॉम्बर’, ‘बॉम्ब स्क्वाड’ आणि ‘ट्रॉन : सोलर सेलर’ हे या पद्धतीचे चार खेळ.

यांपैकी ‘बी-१७ बॉम्बर’चे उदाहरण विशेष बोलके आहे. शत्रूची विमाने कोणत्या दिशेने येत आहेत हे त्यात विमानातील सहकाऱ्यांचे आवाज सांगतात. खेळाडू एका वेळी एकाच दिशेचे दृश्य पाहू शकत असल्याने जे पडद्यावर नाही ते कानाने कळते. म्हणजे वाणी येथे शोभेची वस्तू न राहता अर्थवाहक होते. शिवाय खेळाच्या आरंभी त्याचे नाव ज्या आवाजात उच्चारले जाते, तो अमेरिकेच्या दक्षिण भागातील ढबीचा आहे. ‘बॉम्बर’मधील अंत्य रकार त्यात लोपतो. अवघ्या काही हजार बिटांत बोलीची ढबही टिकली, कारण साठविलेला घटक मोठा होता. शब्दाच्या आत एक ध्वनी दुसऱ्यात कसा मिसळतो, हे वक्त्याच्या मुखातच ठरून गेलेले होते. यंत्राला ते नव्याने ठरवावे लागत नव्हते.

या रीतीची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. जे साठविले नाही ते बोलता येत नाही. खेळ आणि वाणी यांना एकाच कार्ट्रिजमध्ये जागा वाटून घ्यावी लागे. ‘स्पेस स्पार्टन्स’च्या फ्रेंच, जर्मन व इटालियन आवृत्त्या तयार झाल्या होत्या, परंतु त्या विक्रीस आल्या नाहीत. भाषा बदलताच काय होते, हे संख्यावाचकांवरून सहज उमगते. इंग्रजीत शून्यापासून नव्व्याण्णवपर्यंतच्या संख्या २८ शब्दांच्या जुळणीतून बोलता येतात. जर्मनमध्ये हीच जुळणी करताना एककाचा शब्द दशकाच्या आधी ठेवावा लागतो. मराठीत तर जुळणीच खुंटते. ‘एकवीस, एक्केचाळीस, एक्कावन्न, एकाहत्तर, एक्याऐंशी’ या मालिकेत ‘एक’चे रूप स्थिर नाही आणि ‘पन्नास’, ‘सत्तर’ यांचेही नाही. त्यामुळे शंभर संख्यांना शंभर रूपे साठविणे प्राप्त होते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशा वाचनाची जी सोय केली गेली व जिच्यावर बराच वाद झाला, तिच्या मुळाशी मुलांच्या स्मृतीवरील हाच भार होता.

४. ध्वनी जुळविण्याची रीत

‘द व्हॉइस’ने दुसऱ्या रीतीकडे पाऊल टाकले. ‘ओडिसी २’ला कळफलक अंगचाच होता. ‘टाइप अँड टेल’ या कार्ट्रिजमध्ये खेळणाऱ्याने अक्षरे दाबावी व यंत्राने ती उच्चारावी, अशी योजना होती. येथे शब्दांचा साठा अपुरा पडणार हे उघडच होते. ध्वनींची जुळणी करणे भाग होते. इंग्रजीच्या रूढ लेखनातून योग्य उच्चार निघेलच असे नसल्याने शब्द कानाला जुळेल अशा रीतीने वाकवून लिहावा लागे.

या रीतीचे सर्वांत स्वच्छ स्वरूप त्याच मालिकेतील ‘ए. एल. २’ या चिपमध्ये दिसते. हौशी तंत्रज्ञांना ती सुटी विकत मिळे, आणि घरगुती संगणकांच्या जोडयंत्रांतही ती वापरली गेली. तिच्यात ६४ संकेत होते. त्यांपैकी ५९ ध्वनींचे होते. परंतु हे ध्वनी स्वनिम नव्हेत, ती स्वनांतरे होत. इंग्रजीत ‘क’ हा एकच स्वनिम. चिपमध्ये मात्र तीन ककार आहेत. ‘की’सारख्या शब्दातील पुढच्या स्वरापूर्वीचा एक, ‘कूल’मधील मागच्या स्वरापूर्वीचा दुसरा आणि ‘स्पीक’मधील अंत्य असा तिसरा. गकारही तीन. बकार आणि दकार प्रत्येकी दोन, एक आद्य व एक अंत्य. हकारही दोन. वर्गात विद्यार्थ्यांना अमूर्त वाटणारे ‘परिसरानुसार बदल’ हे सूत्र येथे चिपच्या रचयित्यांना बिट मोजून पाळावे लागले. एकच ककार ठेवून जागा वाचविली असती, तर शब्द ओळखू आला नसता.

राहिलेले पाच संकेत याहूनही उद्बोधक आहेत. ते शांततेचे आहेत : १०, ३०, ५०, १०० आणि २०० सहस्रांश सेकंदांच्या. शेवटचे दोन उपवाक्ये व वाक्ये यांमधील विरामासाठी; पहिले तीन मात्र शब्दाच्या आत लागतात. ‘ब’, ‘ड’, ‘ग’ यांच्यापूर्वी अल्प आणि ‘प’, ‘ट’, ‘क’ यांच्यापूर्वी अधिक दीर्घ शांतता ठेवावी लागे. स्पर्श व्यंजनात ओठ किंवा जीभ हवेचा मार्ग क्षणभर अडविते. तो अडविलेला क्षणही व्यंजनाचाच भाग असतो. लिपीत त्याला चिन्ह नाही आणि बोलणाऱ्यालाही त्याची जाणीव नसते. परंतु तो वगळला, तर ‘प’ हा ‘प’ वाटत नाही. शांतता ही भाषेची सामग्री आहे, हे या पाच संकेतांनी जितके ठसठशीत दाखविले तितके क्वचितच कशाने दाखविले असेल.

एवढे करूनही या चिपची वाणी सपाट आणि एकसुरी राहिली. शब्द समजे, पण वाक्य ऐकू येत नसे. १९८३ मध्ये ‘स्पेक्ट्रम’ या घरगुती संगणकासाठी निघालेल्या ‘करा मायक्रोस्पीच’ या जोडयंत्रात मोठ्या लिपीतील अक्षरांसाठी स्वर किंचित उंच करण्याची सोय होती. परंतु सुरांच्या दोन पायऱ्यांतून प्रश्न, आग्रह आणि उपरोध यांचे आरोह-अवरोह सिद्ध होणे शक्य नव्हते.

५. मराठीच्या दृष्टीने

या तंत्राची तुलना मराठीशी करून पाहणे उपयुक्त ठरेल. मराठी जशी बोलली जाते तशीच लिहिली जाते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु ‘चहा’मधील आणि ‘चांगला’मधील चकार भिन्न असूनही अक्षर एकच आहे, ‘करवत’मधील कोणता अकार उच्चारात उरतो व कोणता लोपतो, हेही लिपी सांगत नाही. देवनागरी वाचणाऱ्या यंत्रालाही म्हणून नियमांची गरज लागणारच. शिवाय ‘एस. पी. ०२५६’सारख्या चिपचा उगम एका वेळी घोष तरी असतो किंवा अघोष तरी. आपल्या ‘घ’, ‘ध’, ‘भ’ या ध्वनींत स्वरतंतूंचे कंपन आणि श्वासाची सळसळ एकाच वेळी असते. तसेच अनुनासिकांत नाकाच्या पोकळीमुळे काही वारंवारता दबतात, तर या फिल्टरांची रचना वारंवारता उठविण्यापुरतीच आहे. इंग्रजीसाठी पुरेसा ठरलेला हा साचा मराठीसाठी पुरेसा ठरला नसता.

६. उपसंहार

इंटेलिव्हॉइसची किंमत सुमारे ८० डॉलर होती. अपेक्षेइतकी विक्री न झाल्याने ते १९८३ मध्ये बंद करण्यात आले, आणि त्याच सुमारास अमेरिकेतील खेळयंत्रांचा बाजारही कोसळला. परंतु या उपकरणांनी घेतलेली परीक्षा त्यामुळे निरर्थक ठरत नाही. मोठा घटक निवडणारे यंत्र चांगले बोलले, पण थोडे बोलले. लहान घटक निवडणारे यंत्र वाटेल ते बोलले, पण वाईट बोलले. मनुष्य मात्र वाटेल ते बोलतो आणि चांगले बोलतो. याचा अर्थ असा की, केवळ घटकांच्या यादीत, मग ते शब्द असोत वा स्वनांतरे, वाणीचे रहस्य सापडणार नाही. ते घटकांच्या सांध्यांत, त्यांमधील मौनात आणि सर्वांवरून वाहणाऱ्या सुरात आहे. स्वनिमांची यादी तयार झाली की भाषेच्या ध्वनिव्यवस्थेचे वर्णन पूर्ण झाले, असे मानणाऱ्या अभ्यासकाने त्या यादीतील चिन्हे क्षणभर अशा एखाद्या चिपच्या स्वाधीन करून पाहावीत. यादीत काय राहून गेले, हे कानाला तत्काळ कळेल.