उभ्या माणसाचे चित्र

माझे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंत. पुढचे काय ते युनियनच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयात आणि मजूर न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. म्हणून चित्रकलेवर बोलण्याचे निमंत्रण आले, तेव्हा संयोजकांची काही चूक तर झाली नाही ना, अशी शंका मला आली. ते म्हणाले, चित्रकार येथे पुष्कळदा बोलले आहेत. एकदा हौशी माणसाने बोलावे. हौशी तर मी आहेच. गेली एकवीस वर्षे मी माणसे काढतो आहे, आणि त्यांतले एकही चित्र भिंतीवर लावण्याजोगे नाही.

सुरुवात त्या व्हरांड्यातच झाली. तारखेला गेले की दोन-तीन तास बाकावर बसणे आलेच. खिशात पेन्सिल आणि पिशवीत जुन्या हस्तपत्रकांचे पाठकोरे कागद असत. एके दिवशी समोर एक म्हातारा कामगार गुडघ्यांना मिठी घालून बसला होता, त्याला काढू लागलो. काढून झाल्यावर पाहतो तो डोके भोपळ्याएवढे, डोळे कपाळावर चढलेले आणि हातांचे पंजे तान्ह्या मुलाचे! आमचे फलक रंगवणारे एक पेंटर होते, त्यांना कागद दाखवला. ते हसले नाहीत. एवढेच म्हणाले, "अण्णा, तुम्ही त्याच्याकडं किती बघितलं आणि कागदाकडं किती?"

या विद्येचा पहिला धडा तो हाच. नवशिक्या कोणीही असो, वकील असो की विणकर, चुका त्याच करतो. कारण मनाला जे महत्त्वाचे वाटते ते हात मोठे काढतो. आपण बोलतो चेहऱ्याशी, म्हणून चेहरा फुगतो. कपाळात पाहण्याजोगे काही नाही, म्हणून ते आखडते आणि डोळे वर सरकतात. वस्तुतः डोळ्यांची रेषा डोक्याच्या उंचीच्या जवळजवळ मध्यावर असते. आपला पंजा हनुवटीवर टेकवून पाहा. बोटांची टोके कपाळावरच्या केसांपर्यंत पोचतील. प्रौढ माणसाची उंची सुमारे साडेसात डोक्यांची, तर नवजात बालकाची अवघी चार डोक्यांची भरते. म्हणून मोठ्या माणसाला नुसते लहान करून मूल काढता येत नाही. मापे घेण्याची रीत सोपी आहे. हात कोपरात न वाकवता सरळ धरावा, एक डोळा मिटावा आणि पेन्सिलीवर अंगठा सरकवून डोक्याची उंची मोजावी. मग तेवढ्याच मापाने बाकीचे अंग मोजत जावे. कोपर वाकले की माप खोटे ठरते.

पण मापे बरोबर आली म्हणून माणूस उभा राहतोच असे नाही. तेथे गवंड्याचा ओळंबा लागतो. एस.टी.ची वाट पाहणारा प्रवासी घ्या. तो बहुधा एका पायावर भार देऊन उभा असतो. ज्या पायावर भार, त्या बाजूला कंबर वर चढते, आणि तोल सावरण्यासाठी त्याच बाजूचा खांदा खाली येतो. कंठाच्या खाचेतून मनाने ओळंबा सोडला तर तो भार घेतलेल्या पायाच्या घोट्यापाशी येतो. तो दोन्ही पायांच्या बाहेर पडला आणि माणूस कशाला टेकलेलाही नसला, की चित्रातला माणूस कोसळतो. मग त्याच्या पापण्या कितीही सुरेख काढा! आपल्या मंदिरांवरच्या त्रिभंग मूर्ती घडवणाऱ्यांना हे पक्के ठाऊक होते. मला मात्र ते कळायला दोन वर्षे आणि बरीच हस्तपत्रके खर्ची पडली.

कपड्यांखाली हा भार दिसत नाही, एवढ्याचसाठी चित्रशाळांत विवस्त्र माणसावरून रेखाटन शिकवतात. सर ज. जी. कलाशाळा १८५७ साली निघाली. परंतु तेथे असा वर्ग पद्धतशीरपणे सुरू झाला तो १९२० च्या सुमारास, कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत. अशा वर्गात आधी अर्ध्या-एका मिनिटाच्या भराभर बदलणाऱ्या बैठका असतात, त्यांत फक्त शरीराचा झोक पकडायचा. मग वीस मिनिटांच्या आणि तासांच्या. निकोलायडिस नावाच्या अमेरिकन शिक्षकाचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९४१ साली निघाले. त्यात एक विलक्षण पाठ आहे: नजर माणसाच्या कडेवरून मुंगीच्या गतीने न्यायची, पेन्सिल तिच्याबरोबर चालवायची आणि कागदाकडे पाहायचेच नाही. चित्र वेडेवाकडे येते. पण माझ्या पेंटरच्या प्रश्नाला याहून चांगले उत्तर मला मिळालेले नाही.

मी अशा वर्गात एकदाच, एका मित्राच्या ओळखीने, बसलो. बाकीचे रेषा काढत होते आणि माझे लक्ष घड्याळाकडे. समोरची बाई हात वर धरून उभी होती. हात असा दहा मिनिटे धरून पाहा, म्हणजे मुंग्या कोठून येतात ते समजेल. तिला विश्रांती किती मिनिटांनी, मजुरी दिवसाची की तासाची, कपडे बदलायला आडोसा आहे की नाही, हेच प्रश्न माझ्या डोक्यात. सवय वाईट! चित्राखाली चित्रकाराची सही असते. उभे राहणाऱ्याचे नाव क्वचितच. श्री. रवी जाधव यांचा 'न्यूड' हा मराठी चित्रपट अशाच एका कष्टकरी बाईवर आहे. २०१७ साली गोव्याच्या महोत्सवातून तो वगळण्यात आला आणि २०१८ साली प्रदर्शित झाला. त्या वेळी चर्चा झाली ती नग्नतेची. मजुरीची फारशी झाली नाही.

आता एक उलट बाजूचे उदाहरण. इंग्लंडच्या उत्तरेस ॲशिंग्टन नावाचे कोळसाखाणीचे गाव आहे. १९३४ साली तेथल्या काही मंडळींनी, त्यांत बहुतेक खाणकामगारच, कामगार शिक्षण संघटनेमार्फत कलेचा रसास्वाद शिकण्यासाठी वर्ग काढला. रॉबर्ट लायन नावाचे शिक्षक आले. त्यांनी जुन्या इटालियन चित्रांच्या काचपट्ट्या पडद्यावर दाखवल्या. कोणाला काही भिडेना. तेव्हा त्यांनी सांगितले, स्वतःच काढून पाहा. मंडळींनी काढले: खाणीत वाकून काम करणारे सोबती, कबुतरे, शर्यतीचे कुत्रे, भाजीचे वाफे. या चित्रांचे प्रदर्शन १९३६ साली न्यूकॅसलला भरले. खाणीतला वाकलेला माणूस बाहेरच्या चित्रकारांनीही काढला आहे; परंतु त्याच खाणीत स्वतः वाकलेल्या माणसाने तो काढणे ही निराळी गोष्ट होय. भार कोठे पडतो, हे त्याला विचारावे लागत नाही.

मी सोलापुरात विडी कामगार बायकांना काढतो. त्या बसून काम करतात, म्हणून नवशिक्याला सोयीच्या, असा माझा हिशेब. पहिल्याच दिवशी एक बाई माझ्याकडे न पाहता म्हणाली, "अण्णा, आमाला इचारलं का?" मी विचारले नव्हते. युनियनचा माणूस, मला कोण हटकणार, हाच तो माज. कागद मी तिच्या हातात दिला. तिने पाहिला, घडी घातली आणि सुपाखाली ठेवला. परत दिला नाही. तेव्हापासून मी आधी विचारतो, आणि चित्र मागितले तर देऊन टाकतो. नाही म्हणणाऱ्याही असतात; त्यांची पाठ काढायलाही मी धजत नाही.

नवशिक्यांची तक्रार असते की माणसे हलतात. हलू द्यावी. त्याच कागदावर शेजारी दुसरे चित्र सुरू करावे, मग तिसरे. प्रत्येकाच्या बसण्याच्या दोन-तीनच तऱ्हा असतात. थोड्या वेळाने माणूस पहिल्या तऱ्हेवर परत येतो आणि अर्धे राहिलेले चित्र पुढे नेता येते. विडीच्या कामात तर हे सतत घडते: पत्र्याच्या मापावर पान कापणे, तंबाखू भरणे, वळणे, तोंड दुमडणे, दोरा बांधणे. हात फिरून त्याच जागी येतो. हजार विड्यांमागे मजुरी असल्यामुळे तो फार वेळ थांबत नाही, एवढीच अडचण. माझ्याकडच्या एका कागदावर एकाच बाईचे चौदा हात आहेत, आणि त्यांतला एकही पुरा नाही.