अडीचशे रुपयांसाठी कोण भांडणार?

अवघ्या २५१ रुपयांत स्मार्टफोन! चार इंचांचा पडदा, पुढे-मागे कॅमेरा, वर्षाची हमी, आणि किंमत मात्र एखाद्या बऱ्या हॉटेलातल्या दोघांच्या जेवणाएवढी. फेब्रुवारी २०१६ मध्ये नोएडाच्या ‘रिंगिंग बेल्स’ या कंपनीने ‘फ्रीडम २५१’ या फोनची जाहिरात केली, तेव्हा ती वाचून ज्याच्या मनात एकदाही ‘बघू तरी’ असे आले नसेल, असा माणूस विरळाच. मुरली मनोहर जोशी यांच्या उपस्थितीत दिल्लीत त्याचा समारंभ झाला. १८ फेब्रुवारीला सकाळी सहाला इंटरनेटवर नोंदणी सुरू झाली. फोनचे २५१ आणि पाठवणीचे ४० असे २९१ रुपये आगाऊ भरायचे होते. लोकांनी नाव लिहिले, पत्ता लिहिला, पिनकोड लिहिला, ‘पैसे भरा’ या चौकोनावर बोट टेकवले आणि पाहतात तो अर्ज पुन्हा कोराच्या कोरा! पुन्हा नाव, पुन्हा पत्ता. काही तासांतच कंपनीने नोंदणी थांबवली. सेकंदाला सहा लाख टकटका दारावर पडत आहेत, असे कारण तिने दिले.

पुढचे रामायण बहुतेकांना आठवत असेल. पत्रकारांना दिलेल्या नमुन्यावर दुसऱ्याच कंपनीचे नाव पांढऱ्या शाईने झाकलेले निघाले. अशा बनावटीचा फोन साडेतीन हजारांच्या आत विकणे शक्यच नाही, असे मोबाइल उद्योगाच्या संघटनेने सरकारला कळवले. मुंबईचे तेव्हाचे खासदार किरीट सोमय्या यांनी चौकशीची मागणी लावून धरली. पहिल्या दिवशीच्या तीस हजार ग्राहकांचे पैसे परत केले, आता फोन हातात पडल्यावरच पैसे घेऊ, असे कंपनीने जाहीर केले. आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये एका वितरकाच्या तक्रारीवरून गाझियाबाद पोलिसांनी कंपनीच्या संचालकाला अटक केली.

या प्रकरणावर तेव्हा विनोद पुष्कळ झाले. पण मला त्यातला एक हिशेब आजही महत्त्वाचा वाटतो. २९१ रुपये ही रक्कम अशी आहे की ती बुडाली तर माणूस हळहळतो, पण पोलीस ठाण्याची पायरी चढत नाही. ‘जाऊ दे, अडीचशे रुपयांसाठी कोण भांडणार?’ असे म्हणून मोकळा होतो. आता तीस हजार माणसांचे २९१ रुपये एकत्र मांडून पाहा. सत्याऐंशी लाख तीस हजार रुपये होतात. देणाऱ्याच्या दृष्टीने किरकोळ असलेली रक्कम घेणाऱ्याच्या दृष्टीने केवढी असते, ते या गुणाकारावरून कळते. स्वस्त मालाच्या जाहिरातीचे खरे बळ माणसाच्या हावेपेक्षा त्याच्या या ‘जाऊ दे’मध्ये आहे, असे माझे मत आहे.

आणि हाव तरी कशाची म्हणायची? आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात – तोंडात अजून नगरच येते – फोन ही आता चैन राहिलेली नाही. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद झाल्या आणि वर्ग फोनवर आला. ज्या घरात फोन एक आणि मुले तीन, तिथे कोणाचा अभ्यास बुडवायचा, हे आईला ठरवावे लागले. २०२१ पासून शेतकऱ्याला ई-पीक पाहणीसाठी बांधावर उभे राहून पिकाचा फोटो फोननेच पाठवावा लागतो. कोयता घेऊन परजिल्ह्यात गेलेल्या पाथर्डीच्या माणसाला घरच्या म्हाताऱ्यांची खबर फोनवरच कळते. अशा माणसाने दोन हजार रुपये वाचवण्यासाठी जाहिरात वाचली, तर त्याला लोभी म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

जाहिरात वाचून घरबसल्या माल मागवणे आपल्याला नवीन नाही. पूर्वी मासिकांच्या मागच्या पानांवर ट्रान्झिस्टरच्या, घड्याळांच्या जाहिराती असत आणि खाली ‘व्ही.पी.पी.ने मिळेल’ अशी ओळ असे. पोस्टमन पुडके घेऊन दारात येई. आधी पैसे, मग पुडके! ट्रान्झिस्टरऐवजी वीट निघाल्याच्या कहाण्या तेव्हाही गावोगाव होत्या. पण त्या व्यवहारात एक गोष्ट पक्की होती. मधला माणूस डोळ्यांना दिसत होता. खाकी कपड्यातला पोस्टमन, त्याच्या हातातली पावती, पोस्टाचा शिक्का. तक्रार करायची तर जायचे कुठे, हे ठाऊक होते. मनीऑर्डर केली तर समोरच्याच्या सहीची पोचपावती परत येई, आणि ती येईपर्यंत घरातली वडीलधारी माणसे निश्चिंत होत नसत.

आजच्या व्यवहाराची अडचण समजून घ्यायला ही पोचपावतीच उपयोगी पडते. आपण फोनवर ‘पैसे भरा’ दाबतो, तेव्हा निरोप दुकानाकडून पैसे पोचवणाऱ्या मध्यस्थाकडे, तिथून आपल्या बँकेकडे, बँकेकडून दुकानाच्या बँकेकडे जातो आणि ‘मिळाले’ असे उत्तर त्याच वाटेने उलट येते. हा सारा प्रवास काही सेकंदांचा. जाताना निरोप नीट गेला, आपल्या खात्यातून रक्कम वजा झाली, पण येताना उत्तर वाटेत हरवले, तर पैसे गेले आणि पोचपावती आली नाही, अशी अवस्था होते. दुकान म्हणते, मिळाले नाहीत. बँक म्हणते, आमच्याकडून गेले. दोघेही खरे बोलत असतात, आणि ग्राहक मधल्या मध्ये लोंबकळतो.

ही वेळ लबाड कंपन्यांच्याच गिऱ्हाइकांवर येते असेही नाही. ६ ऑक्टोबर २०१४ रोजी फ्लिपकार्टने मोठ्या सवलतीचा दिवस जाहीर केला, तेव्हा गर्दीपुढे त्यांची यंत्रणा कोलमडली, काहींच्या मागण्या रद्द झाल्या आणि संस्थापकांना ग्राहकांची जाहीर माफी मागावी लागली. ऑगस्ट २०१७ मध्ये जिओच्या फोनसाठी ५०० रुपये भरून नोंदणी सुरू झाली, तेव्हाही संकेतस्थळ गर्दीने अडले होते. त्यात आमच्याकडे रेंजची कथा वेगळीच. अकोले तालुक्यातल्या डोंगरी वाड्यांत फोन लावायला माणसे टेकाड शोधतात. तिथे बँकेचा सहा आकडी परवलीचा संदेश येईपर्यंत त्याची मुदत संपून जाते!

आमच्या शेजारी खोली घेऊन राहणारा, शेवगावकडचा आयटीआयचा एक विद्यार्थी मागच्या सणात या फेऱ्यात सापडला. वडिलांनी कांद्याच्या पट्टीतून आठ हजार रुपये खात्यावर टाकले होते. जाहिरातीतला फोन रात्री बारा वाजता विक्रीला आला. त्याने पैसे भरले, खात्यातून ते गेले आणि पडद्यावर ‘व्यवहार अयशस्वी’ असे लाल अक्षर आले. पोरगा रात्रभर झोपला नाही. सकाळी माझ्याकडे आला आणि म्हणाला, “काका, बापाला काय सांगू?” मी त्याच्याबरोबर बँकेत गेलो. खिडकीवरच्या बाईंनी शांतपणे सांगितले, की व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवा, दुसऱ्यांदा पैसे भरू नका, पाच दिवस वाट पाहा. चौथ्या दिवशी रक्कम खात्यात परत आली. तोवर सवलत संपली होती आणि तोच फोन तेराशे रुपयांनी महाग झाला होता. पैसे परत मिळाले म्हणून त्याला आनंद झाला; पण हुकलेल्या संधीची भरपाई कोणत्याच नियमात नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर मला दिसत होते.

बाईंनी सांगितलेले पाच दिवस कुठून आले? रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी एक परिपत्रक काढले, ते १५ ऑक्टोबर २०१९ पासून लागू झाले. दुकानाला कार्डाने किंवा यूपीआयने इंटरनेटवरून भरलेले पैसे खात्यातून वजा झाले, पण दुकानाला पोच मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत आली पाहिजे. नाही आली, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाने न मागता! म्हणजे २५१ रुपयांच्या फोनचे पैसे असे वाटेत अडकले आणि तीन दिवस जास्त लागले, तर भरपाई फोनच्या किमतीहून अधिक होते. कोण भांडणार, या प्रश्नाला इतके चोख उत्तर दुसरे नसेल. पण हा नियम किती घरांत ठाऊक आहे?

मात्र ‘पैसे अडकले’ या दोन शब्दांत तीन वेगळी दुखणी दडलेली असतात आणि प्रत्येकाचा वैद्य वेगळा आहे. पैसे वाटेत अडकले, तर दार बँकेचे. लेखी तक्रार करावी, तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. त्याला फी नाही. पैसे दुकानाला पोचले, पण माल आला नाही किंवा भलताच आला, तर दार ग्राहक कायद्याचे. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. शिवाय २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. कंपनी नोएडाची असली तरी जामखेडच्या माणसाला नोएडाला जावे लागत नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीची फीही नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा ग्राहकासाठी वेगळा कायदाही नव्हता. तो १९८६ मध्ये आला. महाराष्ट्राने ज्या चळवळीत पुढाकार घेतला, तिचे फळ महाराष्ट्रातल्याच माणसाने संकोचाने सोडून द्यावे, हे बरे नव्हे.

तिसरे दुखणे सर्वांत वाईट. दुकानच खोटे. नामांकित दुकानासारखे हुबेहूब पान, अर्ध्या किमतीचा फोन, आणि पैसे भरले की पान गायब. इथे वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर फोन करावा. पैसे पुढच्या खात्यांतून निघून जाण्याआधी ते गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

गृहिणींनी आणि निवृत्त मंडळींनी आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. पुष्कळदा पहिल्या अडचणीपेक्षा तिच्या उपायातच माणूस जास्त बुडतो. पैसे अडकले की घाबरून आपण इंटरनेटवर त्या दुकानाचा फोन नंबर शोधतो, आणि तिथे भामट्यांनी आपला नंबर आधीच टाकून ठेवलेला असतो. तो गोड बोलतो, “पैसे परत करतो, फक्त हा पिन टाका.” पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो द्यायला. एवढे एक वाक्य घरातल्या प्रत्येकाला पाठ असले, तर तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले, असे म्हणायची पाळी अनेकांवर येणार नाही. नंबर घ्यावा तो पासबुकावरचा, कार्डाच्या मागचा किंवा बिलावरचा.

आपल्याकडे दुकानात पाटी असे, ‘आज रोख, उद्या उधार’. आता दुकानदारच आपल्याकडून उधार घेतो. आपले पैसे आज, त्याचा माल चार दिवसांनी. ज्याने उधार दिले त्याने वहीत नोंद ठेवायची असते. व्यवहाराचा क्रमांक, तारीख, बँकेचा संदेश, जाहिरातीचा फोटो ही आपली वही. ती नीट ठेवली, तर पाच दिवसांनी बँकेला आणि महिन्याने लोकपालाला विचारायला आवाज राहतो. अडीचशे रुपयांसाठी एका माणसाने विचारले, तर तो चिकट ठरेल कदाचित. तीस हजारांनी विचारले, तर पुढची जाहिरात लिहिणाऱ्याला लेखणी उचलण्यापूर्वी दोनदा विचार करावा लागेल.